हंगामाच्या मध्यावर संघ अचानक जिंकू लागतो, तेव्हा नेमके काय बदललेले असते?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. नाशिकच्या ज्या फुटबॉल क्लबच्या संघाचे सामने पाहायला आपण आणि आपले मित्र दर रविवारी सकाळी मैदानावर जाता, त्या संघाने सप्टेंबरपासूनच्या पहिल्या आठ सामन्यांत एकच विजय मिळवला होता; दोन सामने बरोबरीत सुटले आणि पाच हरले. दिवाळीनंतरच्या सहा सामन्यांपैकी मात्र त्याने पाच जिंकले. मधल्या काळात तीन गोष्टी घडल्या. जुन्या प्रशिक्षकांची नोकरीत बदली झाल्यामुळे क्लबचाच एक माजी खेळाडू प्रशिक्षक झाला, चार बचावपटूंऐवजी तीन सेंटर बॅक (गोलसमोर मधोमध उभे राहणारे बचावपटू) आणि दोन विंग बॅक (दोन्ही कडांनी पुढे-मागे धावणारे खेळाडू) अशी रचना आली, आणि गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर असलेला गोलकीपर परतला. गंगापूर रोडवरच्या आपल्या चहाच्या कट्ट्यावर आता तीन तट पडले आहेत: एक प्रशिक्षकाला श्रेय देतो, दुसरा रचनेला आणि तिसरा म्हणतो की हे निव्वळ नशीब आहे, फेब्रुवारीपर्यंत सगळे जागेवर येईल. खरे कारण कोणते आणि ही घोडदौड टिकेल का, असे आपण विचारले आहे.

मी २२ वर्षे नाशिकमध्ये शालेय आणि क्लब पातळीवर फुटबॉल शिकवत आहे. या काळात तीन वेळा मी हंगामाच्या मध्यावर दुसऱ्याचा संघ हाती घेतला आणि एकदा माझ्या हातातला संघ मध्यावरच दुसऱ्याकडे गेला, त्यामुळे या वादाच्या दोन्ही बाजूंना मी बसून आलो आहे. आपल्या संघाचा एकही सामना मी पाहिलेला नसल्यामुळे निवाडा देण्याचा अधिकार मला नाही. निवाडा कसा करावा, एवढे मात्र सांगता येईल.

आपल्या कट्ट्यावर दोन निरनिराळे प्रश्न एकत्र झाले आहेत, असे मला वाटते. निकाल सुधारले हे गुणतक्त्यावरून दिसते. पण खेळ सुधारला का, आणि सुधारला असेल तर किती, हे तक्ता सांगत नाही. एकदिवसीय क्रिकेटमध्ये एका डावात ३०० चेंडू पडतात आणि तेवढ्यात बहुतेक वेळा चांगला संघ वर येतो. फुटबॉलमध्ये मात्र दोन्ही संघांचे मिळून दोन-तीन गोल होतात, त्यांतला एक कोणाच्या तरी नडगीला लागून आत जातो आणि सामन्याचा निकाल तेवढ्यावर ठरतो. समजा, एखादा मध्यम संघ कोणताही सामना जिंकण्याची शक्यता ४० टक्के आहे. अशा संघाने ठरावीक सहा सामन्यांपैकी किमान पाच जिंकण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के येते. हे ऐकून आपला नशीबवादी मित्र गप्प बसेल, पण त्याने बसू नये. कारण दहा संघांच्या साखळीत, त्याच सहा आठवड्यांत, कोणत्या ना कोणत्या संघाच्या बाबतीत असे घडण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात एक आहे. ज्याच्या बाबतीत ते घडते त्याच्याबद्दल आपण प्रश्न विचारतो. उरलेल्या नऊ संघांबद्दल कोणी काही विचारत नाही. हाच हिशोब पहिल्या आठ सामन्यांनाही लागू होतो. आपला संघ तेव्हा दिसत होता तितका वाईट नसेलही, आणि आज दिसतो तितका चांगलाही नसेल.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. साधारण १५ वर्षांपूर्वी नाशिक रोड भागातला एक संघ हंगामाच्या मध्यावर माझ्याकडे आला आणि आम्ही पुढच्या पाचपैकी चार सामने जिंकले. वार्षिक समारंभात मला शाल-श्रीफळ मिळाले आणि आमच्या स्ट्रायकरचा विशेष गौरव झाला, कारण त्याने त्या पाच सामन्यांत सात गोल केले होते. प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांनी पेनल्टी क्षेत्राच्या आतून मारलेले फटके वहीत रेघा ओढून मोजण्याची मला सवय होती, आणि संघ हाती घेण्यापूर्वी त्यांचे काही सामने मी बाहेरून पाहिले होते. हंगाम संपल्यावर ती वही काढली. पूर्वी आमचा संघ सामन्यात सरासरी पाच फटके मारत असे आणि विरुद्ध संघाचे आठ खात असे. माझ्या काळात आम्ही पाचच मारत होतो, पण खात होतो फक्त चार. म्हणजे ज्या आक्रमणासाठी टाळ्या वाजल्या, ते तसूभरही सुधारलेले नव्हते; त्या स्ट्रायकरचे फटके त्या पाच आठवड्यांत आत जात होते, इतकेच. खरा बदल मागे झाला होता, आणि त्याचे कारण सांगायलाही संकोच वाटावा इतके साधे होते. आधी दोन्ही फुल बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, एकाच वेळी पुढे धावत असत. मी एकाने थांबायचे असा नियम केला. पुढच्या वर्षी स्ट्रायकरचे गोल आटले आणि आम्ही तक्त्याच्या मधोमध राहिलो, पण विरुद्ध संघांचे फटके चाराच्या आसपासच राहिले. निम्मी सुधारणा आमची होती, निम्मी उसनी.

मोठ्या व्यावसायिक साखळ्यांत हेच काम आता एक्स-जी (अपेक्षित गोल) नावाच्या मोजमापाने करतात. प्रत्येक फटका कोठून, कोणत्या कोनातून आणि कोणत्या परिस्थितीत मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता ठरवायची आणि त्यांची बेरीज करायची. पेनल्टीला साधारण ०.७६ इतके मूल्य मिळते, तर लांबून मारलेल्या बहुतेक फटक्यांना ०.०५ च्या आसपास. आपल्याकडे एवढी साधने नाहीत, पण वही आणि पेन्सिल निम्म्याहून अधिक काम करते.

आता कारणांकडे वळतो. आपल्या संघाशी सर्वांत जुळणारे उदाहरण म्हणजे २०१४-१५ च्या प्रीमियर लीगमधील, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल साखळीतील, लेस्टर सिटी. सप्टेंबरमध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडला ५-३ असे हरवले आणि नंतरच्या सलग १३ सामन्यांत त्यांना एकही विजय मिळाला नाही. २९ सामन्यांनंतर हा संघ केवळ १९ गुणांसह तळाशी होता. उरलेल्या नऊ सामन्यांपैकी त्यांनी सात जिंकले, एक बरोबरीत सोडवला, चेल्सीविरुद्धचा तेवढा गमावला आणि ४१ गुणांसह १४ वे स्थान मिळवले. त्यांच्याकडे बदलले काय, ते पाहा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रॉबर्ट हूथ हा धिप्पाड सेंटर बॅक स्टोक सिटीकडून उसना आला, त्यानंतर तीन सेंटर बॅकची रचना स्थिरावली, आणि डिसेंबरमध्ये पाय मोडलेला गोलकीपर कॅस्पर श्मायकेल मार्चमध्ये परतला. म्हणजे आपल्या संघातील तीनपैकी दोन बदल जसेच्या तसे. तिसरा मात्र नव्हता: प्रशिक्षक नायजेल पिअर्सन पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत तेच होते. त्यामुळे प्रशिक्षक बदलल्याशिवाय संघ उठत नाही, असे आपला पहिला मित्र म्हणत असेल, तर त्याला हे उदाहरण अवश्य सांगावे. शिवाय विजयांची मालिका सुरू होण्यापूर्वीचा त्यांचा शेवटचा सामना टॉटनहॅमविरुद्धचा होता आणि तो त्यांनी ४-३ असा गमावला. तक्त्यावर तो फक्त शून्य गुणांचा एक पराभव आहे; मैदानावर पाहणाऱ्याला मात्र संघ जागा झाल्याचे त्याच दिवशी दिसले असणार. माझ्या अनुभवात खेळ आधी सुधारतो आणि निकाल त्याच्या मागून दोन-तीन आठवड्यांनी येतात. म्हणून आपल्या संघाच्या पाच पराभवांपैकी शेवटचे दोन कसे झाले, हे मला पाच विजयांपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रशिक्षकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर माझ्याच व्यवसायावर अन्याय होईल. २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने जानेवारीत जेरार्ड नूस यांना दूर केले आणि संघ खालिद जमील यांच्याकडे सोपवला. जमील यांना आपल्याकडचे फुटबॉलप्रेमी मुंबई एफसीमुळे ओळखतात; २०१६-१७ मध्ये आयझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून देणारे तेच. नॉर्थईस्टचे तोपर्यंत ११ सामन्यांत १२ गुण झाले होते. जमील यांच्या हाताखाली उरलेल्या नऊ सामन्यांत सहा विजय आणि तीन बरोबऱ्या, म्हणजे २१ गुण मिळाले आणि संघ ३३ गुणांसह तिसरा आला. कोविडमुळे सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, त्यामुळे घरच्या मैदानाचा किंवा प्रेक्षकांचा प्रश्नच नव्हता. उदाहरण निर्विवाद वाटते. पण दोन गोष्टी त्याच चित्रात आहेत. पहिल्या ११ सामन्यांत हा संघ फक्त तीन हरला होता आणि सहा बरोबरीत सोडवले होते, म्हणजे तो बुडालेला संघ नव्हता, काठावर अडकलेला होता. आणि त्याच जानेवारीत बंगळुरू एफसीकडून डेशॉर्न ब्राउन हा वेगवान स्ट्रायकर त्यांच्याकडे आला. जमील यांचे श्रेय याने कमी होत नाही, पण ते एकट्याचे राहत नाही.

याउलट उदाहरण मँचेस्टर युनायटेडचे. डिसेंबर २०१८ मध्ये जोझे मोरिन्यो गेले आणि ओले गुन्नार सोल्शेअर तात्पुरते प्रशिक्षक झाले. पहिल्या १९ सामन्यांपैकी त्यांनी १४ जिंकले, त्या बळावर २८ मार्च २०१९ रोजी त्यांची नेमणूक कायम झाली, आणि हंगामाच्या उरलेल्या दहा सामन्यांत संघाला फक्त दोन विजय मिळाले. घसरणीची चाहूल आधी लागली होती: २४ फेब्रुवारीच्या लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्यात मध्यंतरापूर्वीच दुखापतींमुळे त्यांना तीन खेळाडू बदलावे लागले. नवा प्रशिक्षक आला की कोणाचीच जागा पक्की नसते. राखीव खेळाडू जीव तोडून धावतात आणि पक्के खेळाडू जागा जाईल या धास्तीने धावतात. सरावाला लागलेली ही धार माझ्या अनुभवात महिना-दीड महिना टिकते. पहिले अकरा ठरले की ती बोथट होते आणि तोवर पायही जड झालेले असतात. नेदरलँड्समधील अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी तेथील अव्वल साखळीच्या १९८६ ते २००४ या काळातील आकडेवारीत, घसरणीत प्रशिक्षक बदललेल्या संघांची तुलना तशाच घसरणीत न बदललेल्या संघांशी केली होती. सावरण्यात दोघांमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. प्रशिक्षक म्हणून मला हा निष्कर्ष आवडत नाही, पण तो मला खोटाही वाटत नाही.

रचनेच्या तटाला चेल्सीचे तेव्हाचे प्रशिक्षक अंतोनिओ कॉन्टे यांचे नाव पाठ असेलच. २४ सप्टेंबर २०१६ रोजी आर्सेनलविरुद्ध ३-० असे मागे असताना त्यांनी चेल्सीला दुसऱ्या सत्रात तीन बचावपटूंवर आणले. प्रीमियर लीगमधील पुढच्या सामन्यापासून त्या साखळीत सलग १३ विजय मिळाले, त्यांतल्या पहिल्या सहांत एकही गोल बसला नाही, आणि मे महिन्यात ९३ गुणांसह विजेतेपद. तीन सेंटर बॅकचा फायदा कोठे होतो, हे मी मुलांना असे सांगतो. चार जणांच्या फळीत सर्वांत दुखरी जागा फुल बॅक आणि त्याच्या शेजारचा सेंटर बॅक यांच्यामधली असते. फुल बॅक बाजूला ओढला गेला की तेथे दरवाजा उघडतो. तिसरा सेंटर बॅक त्या दरवाजात उभा राहतो आणि कोणाला केव्हा बाहेर जायचे, हा प्रश्नच कमी होतो. गोंधळलेल्या संघाला याचा लगेच गुण येतो, कारण प्रत्येकाचे काम सोपे होते. पण याची किंमत विंग बॅक मोजतात. चेल्सी त्या हंगामात युरोपातील कोणत्याही स्पर्धेत नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडे बहुतेक वेळा सामन्यांदरम्यान पूर्ण आठवडा होता. आपल्याकडची मुले कॉलेज किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली पाळी सांभाळून आठवड्यात दोन सकाळी सरावाला येतात. आपले दोन विंग बॅक शेवटच्या वीस मिनिटांत कोठे उभे असतात ते पाहा. ते मधल्या रेषेपासून मागे वळताना चालू लागले असतील, तर प्रतिस्पर्ध्यांना त्यांच्या पाठीमागची जागा सापडायला फार दिवस लागणार नाहीत. रचनेवर अवाजवी विश्वासही ठेवू नये. त्याच लेस्टरने पुढच्या वर्षी क्लॉडिओ रानिएरी यांच्याकडे चार बचावपटूंनी खेळून विजेतेपद पटकावले.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे, आणि आपल्या तिन्ही तटांनी वगळलेले कारण: मैदान. आपल्या साखळीचा पहिला भाग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतो. तेव्हा आपली काळी माती पाणी धरून असते, गोलसमोरचा भाग चिखलाने गुळगुळीत झालेला असतो आणि जमिनीवरून दिलेला दहा यार्डांचा पास सहाव्या यार्डावर अडकतो. मागून लहान लहान पास देत खेळ बांधणारा संघ अशा मैदानावर स्वतःच्याच पेनल्टी क्षेत्रासमोर चेंडू गमावतो. उंच चेंडू पुढे टाकून धक्काबुक्कीचा खेळ करणारा संघ फायद्यात राहतो. दिवाळीनंतर तेच मैदान वाळून टणक होते. चेंडू सरळ आणि वेगाने जातो, टप्पा उंच उठतो, आणि पायात गती व अचूकता असलेला संघ एकदम वेगळाच दिसू लागतो. आपला संघ कसा खेळतो हे आपण लिहिलेले नाही, म्हणून येथे माझे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. तो पासिंग करणारा संघ असेल, तर कलाटणीचा बराचसा भाग मातीने दिलेला असू शकतो, आणि तसे असेल तर तो हंगाम संपेपर्यंत टिकेल, कारण फेब्रुवारीत नाशिकला चिखल होत नाही. तो लांब चेंडूंचा संघ असेल, तर मात्र वाळलेले मैदान त्याच्या विरोधात असतानाही तो जिंकतो आहे, आणि मग मी सुधारणा खरी धरायला अधिक तयार होईन. माझ्या पाहण्यात एका संघाने याच कारणाने दोन वर्षांत दोन प्रशिक्षकांना ऑक्टोबरमध्ये घरी पाठवले, आणि दोन्ही वेळा नव्या माणसाला डिसेंबरमध्ये हार घातले.

प्रतिस्पर्ध्यांचेही तसेच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये परीक्षा असतात, बाहेरगावची मुले सणाला गावी गेली की आठवडाभर उशिरा येतात, आणि कॉलेजच्या मुलांवर उभा असलेला संघ कधी कधी बारा जणांनिशी मैदानात उतरतो. पाच विजयांपैकी किती अशा संघांविरुद्ध आले, आणि देवळालीच्या जवानांच्या संघासारखा वर्षभर तंदुरुस्त असणारा संघ त्या सहांत होता का, एवढे तपासायला कार्यक्रमपत्रिका पुरेशी आहे. गोलकीपरच्या परतण्याबद्दल फार लिहीत नाही. त्याचा परिणाम खरा आणि टिकाऊ असतो, फक्त तो प्रशिक्षकाच्या खात्यावर जमा करू नये.

आतापर्यंतच्या माहितीवर माझा कल विचाराल, तर असा आहे: गोलकीपर आणि तिसरा सेंटर बॅक यांमुळे बचाव खरोखर सुधारला असावा, मैदानाने आणि कार्यक्रमाने त्याला हात दिला असावा, आणि सहात पाच हा आकडा त्या सुधारणेपेक्षा मोठा आहे. पुढच्या सहांत तीन विजय आले, तर कट्ट्यावर कोणी घसरण म्हणू नये.

खात्री करायची असेल, तर आपण लिहिल्याप्रमाणे पहिल्या आठपैकी काही सामने मोबाइलवर चित्रित केलेले आहेत, त्यांचा उपयोग करा. प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांनी पेनल्टी क्षेत्रातून मारलेले फटके मोजा, मग अलीकडच्या सामन्यांत तेच मोजा, आणि गोल किती झाले याकडे तूर्त दुर्लक्ष करा. विरुद्ध संघाचे फटके कमी झाले असतील, तर निर्धास्त राहा. तेवढेच असून गोल मात्र कमी बसत असतील, तर आपला गोलकीपर संघ तारतो आहे आणि त्याच्या गुडघ्याची काळजी घ्या. आपले फटके तेवढेच राहून गोल दुप्पट झाले असतील, तर माझ्या त्या स्ट्रायकरची आठवण ठेवा. मोजणीचे काम मात्र नशिबाचा पक्ष घेणाऱ्या मित्राकडेच सोपवा. प्रशिक्षकाच्या चाहत्याच्या वहीत आपल्या संघाचे फटके नेहमी एक-दोन जास्तच भरतात. माझ्या स्वतःच्या वहीतही ते भरत असत.